मोहरीएवढी पृथ्वी

नमस्कार मंडळी. नववी-दहावीच्या पोरांना सूर्यमाला शिकवायची तर आधी एक नारळ आणा. खरंच सांगतोय. सोललेला, शेंडीवाला, चांगला मोठा, 14 सेंटीमीटरचा. हा झाला सूर्य. हिशोब सोपाय, एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर. परत सांगतो, एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर. मग पृथ्वी केवढी? मोहरीचा दाणा. आणि ती ठेवायची नारळापासून 15 मीटरवर.

तर एकदा मी नववीचा वर्ग घेऊन ग्राउंडवर गेलो, नारळ ठेवला झेंड्याच्या कट्ट्यावर, एका पोराच्या तळहातावर मोहरी दिली न म्हटलं मोज 15 मीटर, टेप लावून गेला बिचारा आणि नेमकी तिथं त्याला शिंक आली. गेली पृथ्वी! चाळीस पोरं गुडघ्यावर बसून मातीत पृथ्वी शोधतायत, हेडसर व्हरांड्यातून बघतायत आणि मागून एक मुलगी म्हणते, "सर, दुसरी घ्या ना, पुडीत ढीगभर आहेत." मी म्हटलं, आधी हीच शोधा. नाही सापडली. मग घेतली दुसरी, काय करता, तास संपत आला होता. गुरू म्हणजे गोटी, तो 78 मीटरवर पार कंपाउंडला जाऊन टेकला, आणि नेपच्यून तुरीचा दाणा मुठीत धरून 450 मीटर, म्हणजे गेटबाहेर एसटी स्टँडपर्यंत, तो पोरगा वडापाव खाऊनच परत आला. प्लूटोला 2006 साली ग्रहांतून काढलं ते मला अजून पटलेलं नाही, पण असो.

पुस्तकात सगळे ग्रह एका पानावर, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे खेटून उभे, मग पोरांना अंतर कळणार कसं? आपल्या मापात प्रकाशसुद्धा सेकंदाला 3 सेंटीमीटर चालतो, मुंगीसारखा. नारळापासून मोहरीपर्यंत यायला त्याला 8 मिनिटं 20 सेकंद लागतात.

शेवटी एकानं विचारलं, "सर, पुढचा नारळ कुठंय?" सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, तो नारळाएवढाही नाही, सुपारीएवढा, आणि 4,000 किलोमीटरवर. म्हणजे नारळ मुंबईत ठेवला तर सुपारी जवळपास सिंगापूरला! पोरगं म्हणालं, "मग मधे काय?"

काहीच नाही, म्हटलं.

तेवढ्यात बेल झाली. शिपाईकाकांनी कट्ट्यावरच सूर्य फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं.