मावशीचं वय 68, मशीनच्या हिशोबाने

[दृश्य: रामबागेतलं घर, स्वयंपाकघरातलं टेबल, शेवेच्या डब्याशेजारी निळी फाईल]

परत तरुण करून देतो म्हणणाऱ्या एका क्लिनिकने मावशीकडून सही करून घेतलेले हे कागद, अकरा पानं आहेत. मी दोनदा मोजली. प्रत्येक पानाच्या खाली मावशीची सही, आणि सही मराठीत, कारण इंदूरच्या बँकेत सगळी नोकरी तिने मराठीतच सही करून काढली. सहीच्या वर जे छापलंय ते मात्र सगळं इंग्रजीत. विचारलं, वाचलंस का गं हे, तर म्हणते, "अरे लोनचे कागद तरी कोण वाचतं? मी आयुष्यभर लोकांच्या सह्या घेतल्यात, मला नको शिकवूस."

मावशी 61 वर्षांची. फाईलमधल्या पहिल्या कागदावर तिचं वय 68 लिहिलंय.

ते असं झालं. विजयनगर भागात एक क्लिनिक आहे, नाव घेत नाही, त्या रस्त्यावर तशी बरीच आहेत. तिथे तिला अनवाणी एका मशीनवर उभं केलं, हातात दोन दांडे दिले, आणि मिनिटभरात प्रिंट बाहेर आली, मेटाबॉलिक एज, म्हणजे मशीनच्या मते शरीराचं वय, 68. हेच मशीन जिममध्येपण असतं. अंगातून अगदी हलका करंट जातो, त्यावरून चरबी किती स्नायू किती याचा अंदाज काढतात, आणि तो अंदाज वेगवेगळ्या वयाच्या लोकांच्या सरासरीशी जुळवून एक आकडा ठोकून देतात. त्या दिवशी पाणी कमी प्यायलं असेल तरी तो अंदाज हलतो. पण 61 ची बाई कागदावर 68 वाचते, आणि समोरची मुलगी मऊ आवाजात म्हणते, "मॅम, टेंशन मत लीजिए, ये रिवर्स हो जाता है." म्हणजे सात वर्षं आधी चढवायची आणि मग तीच परत विकायची, सराफ्यात पण असा भाव कोणी लावत नाही हो.

पॅकेज आठ ड्रिपचं, सलाइनसारखी शिरेतून द्यायची दोन द्रव्यं, एनएडी आणि ग्लुटाथायोन. 1,80,000 रुपये, ईएमआय उपलब्ध.

आता मावशीला मूर्ख समजू नका. काका गेल्यावर पेन्शनच्या कामासाठी ती तिच्याच जुन्या ब्रँचमध्ये गेली, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादी, उधर बैठ जाओ." ज्या काउंटरवर ती स्वतः बसायची तिथे. हे तिने मला कॅमेऱ्यासमोर सांगितलं आणि मग म्हणाली हे काप. नंतर म्हणाली, राहू दे.

[दृश्य: ड्रिपची बाटली, थेंब, मावशीचा हात]

एनएडी हा काही बनाव नाही. आपल्या प्रत्येक पेशीत तो असतो, अन्नातून शक्ती काढायच्या कामात लागतो, आणि वयाबरोबर कमी होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. उंदरांवर प्रयोग झालेत, काही चांगले आलेत. पण शिरेतून तो टाकला की माणूस तरुण होतो, हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. ग्लुटाथायोनची इंजेक्शनं रंग उजळायला म्हणून विकली जातात, त्याबद्दल फिलिपिन्सच्या औषध खात्याने 2011 मध्येच लोकांना सावध केलं होतं. आणि हा धंदा काही आजचा नाही. 1889 मध्ये पॅरिसच्या ब्राऊन-सेकार नावाच्या नामवंत डॉक्टरने, वय वर्षं 72, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि भर सभेत सांगितलं की मला जवान वाटतंय. मग 1990 मध्ये अमेरिकेत डॅनियल रुडमन यांनी साठी ओलांडलेल्या 12 पुरुषांना ग्रोथ हार्मोन दिलं, स्नायू वाढले, चरबी घटली, छोटासा अभ्यास. पण तेवढ्या 12 जणांच्या जिवावर पुढे क्लिनिकंच्या क्लिनिकं उभी राहिली, इतकी की ज्या मासिकात तो छापला होता त्यांना 2003 मध्ये लिहावं लागलं की बाबांनो, या लेखाचा गैरवापर चाललाय.

पण पॅरिस अमेरिका राहू दे. या विषयात आपल्या इंदूरचीच एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त टोचते.

[दृश्य: सरकारी हॉस्पिटलबाहेरची गर्दी, चपला, फाईली]

2010 नंतरची दोन-तीन वर्षं इथल्या पेपरांत क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजे पेशंटवर औषधं तपासून बघण्याच्या, बातम्या सारख्या येत होत्या. शहरातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात काही वर्षांत 3,000 हून जास्त पेशंटवर औषधांच्या ट्रायल झाल्या होत्या, त्यांतली अर्ध्याहून जास्त लहान मुलं. कित्येक घरांचं म्हणणं होतं की आम्हाला वाटलं चांगलं महागाचं औषध फुकट मिळतंय, प्रयोग आहे हे कोणी बोललंच नाही, कागदावर सही घेतली, बस. राज्य सरकारने दंड केला, बारा डॉक्टरांना प्रत्येकी 5,000 रुपये. यावर मी काय बोलू. मग इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, 2013 च्या जानेवारीत कोर्टाने केंद्र सरकारला झापलं, आणि त्यानंतर नियम कडक झाले, भरपाईचे, संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करण्याचे, शेवटी 2019 चे नवे नियम आले. म्हणजे आज देशात कुठेही ट्रायल झाली तर पेशंटचं हित बघणारी एथिक्स कमिटी लागते, सरकारी रजिस्ट्रीत नोंद लागते, पेशंटला ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. यामागे इंदूरच्या त्या पेशंटांचापण वाटा आहे भिया.

आणि त्याच शहरात मावशी खुर्चीवर बसलीये, हातात सुई, सिद्ध न झालेलं औषध थेंब थेंब जातंय, ही मूळात ट्रायलच झाली ना? फक्त कमिटी नाही, नोंद नाही, भरपाई नाही, आणि खर्च पेशंटचा. पानं उलटत गेलो तर आठव्या पानावर ते वाक्य सापडलं, कुठल्याही परिणामाची किंवा दुष्परिणामाची जबाबदारी क्लिनिकवर राहणार नाही. बरं, प्रयोग म्हणावा तर निदान हिशोब तरी ठेवा की. आठ ड्रिपनंतर मावशीचं काय झालं हे कोणी कुठे लिहिणार नाहीये. सहा महिन्यांनी ती आजारी पडली काय किंवा टुणटुणीत राहिली काय, त्यातून कोणी काही शिकणार नाही.

फाईलमध्ये "फेज टू" म्हणून स्टेम सेलचं, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशींचं, एक रंगीत पान पण आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच द्यायचे, आणि त्याचे पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. रंगीत पानावर किंमत छापलीये.

कायद्याला हे आधीपासून माहीत होतं, ही गंमत बघा. 1945 च्या औषध नियमांत शेड्यूल जे म्हणून एक यादी आहे, अमुक गोष्टी बऱ्या करतो असा दावा कुठल्याच औषधाने करायचा नाही, त्यात अकाली म्हातारपण आहे, केस पिकणं आहे, नवं तारुण्य देणं पण आहे. म्हणून या फाईलमध्ये कुठेच "औषध" नाही. थेरपी आहे, प्रोटोकॉल आहे, वेलनेस आहे, जर्नी तर चार वेळा आहे. डॉक्टरांनी जाहिरात करून पेशंट ओढू नयेत असाही 2002 चा नियम आहे, आणि मावशीला हे क्लिनिक सापडलं ते रीलवर.

उलट बाजू पण सांगतो. मेटफॉर्मिन, तुमच्या घरात कोणाला शुगर असेल तर डब्यात असेलच, काही रुपयांची गोळी. तिने म्हातारपणाचे आजार लांबतात का हे बघायला अमेरिकेत टेम नावाची ट्रायल ठरलीये, 65 ते 79 वयाचे 3,000 लोक, नीट पद्धतशीर. ती वर्षानुवर्षं पैशासाठी अडून बसली, कारण जुनी स्वस्त गोळी, पेटंट नाही, कमाई कोणाची होणार? (म्हणून उद्या डॉक्टरला न विचारता सुरू करू नका, शास्त्रज्ञांनाच अजून माहीत नाहीये.)

हे सगळं मी मावशीला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तू डोक्यात चार वेळा सुया टोचून घेतल्यास ना केसांसाठी? तुझा फॉर्म किती पानी होता?"

मी तो वाचला नव्हता.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, एका गुरुवारवर लाल गोल]

आठातल्या तीन ड्रिप झाल्यात. चौथी गुरुवारी अकरा वाजता. त्या दिवशी संकष्टी, मावशीचा कडक उपास, म्हणून रिकाम्या पोटी ड्रिप घेतलेली चालेल का हे विचारायला तिने माझ्यासमोर क्लिनिकला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून मुलगी म्हणाली, "एक मिनट आँटी, सर से पूछकर कॉल बैक करती हूँ." मावशीने फोन टेबलावर फाईलशेजारी ठेवला आणि साबुदाणा भिजत घालायचा का नाही यावर थोडा वेळ विचार केला.

फोन सोमवारी केला होता. आज बुधवार.