एम्डेन ते हजिरा: थंड पडलेल्या भट्टीचा प्रवास

(नकाशा. एम्स नदीचं मुख, मग उत्तर समुद्र.)

जर्मनीच्या वायव्य टोकाला एम्डेन बंदर आहे. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्राचा नैसर्गिक वायू 1977 पासून पाइपलाइनने इथे किनाऱ्याला लागू लागला. याच गावात 1980च्या दशकाच्या सुरुवातीला वायूवर चालणारी, मिड्रेक्स पद्धतीची दोन स्पंज आयर्न मोड्यूल, म्हणजे भट्टीचे दोन पूर्ण संच, उभी राहिली. स्पंज आयर्न म्हणजे खनिज न वितळवता, वायूने त्यातला ऑक्सिजन काढून केलेलं सच्छिद्र लोखंड. पण तेलापाठोपाठ वायू महागला, पोलादाला उठाव राहिला नाही, आणि जवळजवळ कोऱ्या भट्ट्या थंड पडल्या.

गुजरातमध्ये हजिऱ्याला नेमकं उलट चित्र होतं. आपल्या वसईसमोरच्या समुद्रातला वायू तिथे किनाऱ्यावर येत होता आणि त्याला गिऱ्हाईक हवं होतं. एस्सार या भारतीय कंपनीने एम्डेनची मोड्यूल विकत घेऊन जहाजाने आणली. 1990 मध्ये ती हजिऱ्याला सुरू झाली. दोन्ही मिळून क्षमता वर्षाला सुमारे 8 लाख 80 हजार टन. खनिज जहाजातून कुठेही नेता येतं, स्वस्त वायू तसा नेता येत नाही. म्हणून भट्टीच हलते.

(बंद प्लांट. गंजलेला जिना, वर उंच शाफ्ट फर्नेस, म्हणजे उभी भट्टी.)

असा प्लांट सोडवताना कटिंग टॉर्च सगळ्यात शेवटी पेटवायचा. आधी शाफ्ट रिकामा करायचा, वायूच्या लाइन नायट्रोजनने धुऊन घ्यायच्या. डक्टच्या, म्हणजे वायूच्या मोठ्या नळांच्या, कोपऱ्यांत स्पंज आयर्नची बारीक पूड साचलेली असते. ती ओली झाली की स्वतःच तापते, हायड्रोजन सोडते. तिच्यावर कापण्याची ठिणगी पडली तर आग आतल्या आत पसरत जाते आणि बाहेरून दिसतही नाही. पूड काढल्याशिवाय कापायला परवानगी द्यायचीच नाही.

मग मार्किंग. रंगाने लिहिलेले नंबर समुद्राच्या हवेत पुसले जातात, म्हणून प्रत्येक बीमवर नंबर पंच करायचा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना. भट्टीची मोठी गोल शेल, म्हणजे बाहेरचं पोलादी कवच, कापण्याआधी आतून आडवे-उभे टेके वेल्ड करायचे. नाहीतर उचलताना ती अंड्यासारखी होते आणि पलीकडे कड कडेला जुळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ अँकर बोल्टवर, म्हणजे कॉलमची बेसप्लेट फाउंडेशनला धरून ठेवणाऱ्या बोल्टवर, होतो. नव्या जागेचं फाउंडेशन जुन्या ड्रॉइंगवरून ओतलं जातं. पण प्रत्यक्ष बेसप्लेटची भोकं ड्रॉइंगपासून सरकलेली असतात. उभारणीच्या वेळी कुणीतरी ती वाढवलेली असतात आणि कागदावर नोंद नसते. पाच मिलिमीटरचा फरकही कॉलम उभा करू देत नाही. उपाय सोपा आहे: बेसप्लेट हलवण्याआधी तिच्यावरूनच पत्र्याचा टेम्पलेट काढून पहिल्या जहाजाने पाठवायचा.

(रिफॉर्मर, म्हणजे नैसर्गिक वायूपासून भट्टीला लागणारा वायू बनवणारा भाग. उभ्या नळ्यांच्या रांगा.)

आता काय न्यायचं नाही ते. अग्निविटा सोडा, काढताना त्या तुटतात. निकेलचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) सोडा. रिफॉर्मरच्या निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या नळ्या मात्र मोहात पाडतात, कारण त्या महाग असतात आणि बाहेरून ठणठणीत दिसतात. पण उच्च तापमानात चाललेली नळी हळूहळू ताणली जाते, फुगते आणि थंड झाल्यावर ठिसूळ असते. व्यास मोजा, तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, मगच खोक्यात भरा. तिथे वाचवलेला पैसा पहिल्या तापवणीत जातो.

मोटर आणि पंखे नेताना शाफ्ट घट्ट बांधायचा. जहाजाच्या थरथरीने थांबलेल्या बेअरिंगच्या रिंगवर खळ्या पडतात आणि सुरू करताच आवाज येतो. पोहोचल्यावर मोटर आधी मेगर करायची, म्हणजे तिचं इन्सुलेशन तपासायचं, मगच वीज द्यायची. जर्मनी आणि भारत दोन्हीकडे विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, त्यामुळे इथे अडचण नव्हती. स्कॉटलंडमधल्या हंटरस्टनला मिड्रेक्सचा एक प्लांट उभारला गेला, पण चालवलाच नाही. तो पुढे अमेरिकेत अलाबामातल्या मोबाईल शहरात नेला. तिथे 60 हर्ट्झ. तीच मोटर, तोच पंखा तसाच जोडला तर वेग 20 टक्के वाढतो आणि लागणारी शक्ती सुमारे 73 टक्के. मोटर जळेल.

हजिऱ्याचा प्रश्न उकाड्याचा. एम्डेनच्या गार हवेसाठी बेतलेला कूलिंग टॉवर इथल्या दमट मे महिन्यात पाणी तितकं थंड करू शकत नाही. हिशोब नव्याने मांडावा लागतो.

(नवं अस्तर. बाहेरच्या शेलला बारीक भोकं.)

शेवटी भट्टीच्या आतल्या नव्या, उष्णतारोधक अस्तराचं वाळवण. उभारणी लांबलेली असते, वरून तगादा असतो, आणि घाई नेमकी इथेच होते. 110 अंशांच्या आसपास तासन् तास थांबावं लागतं. पाणी आत राहिलं तर त्याची वाफ होऊन अस्तराचे पापुद्रे उडतात. शेलच्या भोकाजवळ थंड आरसा धरायचा. त्यावर वाफ धरते आहे तोवर तापमान तिथेच ठेवायचं.