सोलापुरात समुद्राचं पाणी मुरताना

(दृश्य: जुळे सोलापुरातलं एक घर. हॉलमध्ये दोनशे लिटरची काचेची टाकी. आत खडक, पांढरी वाळू, हलणारं पाणी. मासा एकही नाही.)

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंचावर आहे. किनारा गाठायचा तर सह्याद्री उतरून कोकणात जावं लागतं. अशा गावात खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय करायचं, तर समुद्राचं पाणी घरातच बनवावं लागतं. पाणी खारट होतं एका दिवसात. पण मासा त्यात जगेल असं व्हायला महिना-दीड महिना जातो. लोणच्यासारखं ते मुरावं लागतं. शौकीन मंडळी याला ‘टँक सायकल होतोय’ असं म्हणतात.

दारात आलेला मित्र विचारतो, “काय बे, अजून मासे नाहीत?”
“पाणी तयार नाही बे अजून.”

माशांच्या रंगांचे व्हिडिओ भरपूर आहेत. या रिकाम्या दिसणाऱ्या टाकीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. खरं तर टाकीचं पुढचं सगळं आयुष्य याच दिवसांत ठरतं.

(दृश्य: नळ. निळा ड्रम. आर.ओ. यंत्राच्या नळ्या.)

सुरुवात गोड्या पाण्यापासून. सोलापूरला उजनीचं, भीमेचं पाणी येतं, तेही काही दिवसांआड. पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडचं सांडपाणी याच नदीच्या खोऱ्यात उतरतं, त्यामुळे या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असतं. शुद्धीकरणाचं क्लोरीन वेगळं. बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, हे इथल्या गृहिणींना सांगायला नको. दोन्ही पाणी थेट टाकीत चालत नाही.

घरी आर.ओ. आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. पिण्याच्या बहुतेक आर.ओ. यंत्रांत चव यावी म्हणून थोडे क्षार मुद्दाम परत मिसळले जातात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला की काटा पन्नास-शंभरच्या आसपास दिसतो. मत्स्यालयाला तो शून्यावर हवा. त्यासाठी क्षार मिसळणारी जोडणी बंद करून पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या बारीक मण्यांचा, एक टप्पा बसवावा लागतो. हा खर्च टाळला, की शेवाळ पुढे कित्येक महिने पाठ सोडत नाही.

मग मीठ. स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ इथे कामाचं नाही. समुद्राच्या क्षारांत वजनानं साधारण ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट. माशाचं आणि जिवाणूंचं बरंचसं या उरलेल्यावरच चालतं. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारं तयार मिश्रण घ्यायचं आणि ते पाण्यात टाकायचं. मिठावर पाणी ओतलं, तर सुरुवातीच्या दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि तो परत विरघळत नाही. पंप लावून रात्रभर फिरवायचं. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दिसलं, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, की समुद्राशी मेळ बसला.

(दृश्य: कोरडे, पांढुरके खडक टाकीत रचले जात आहेत.)

हे खडक कोरडे आहेत. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, समुद्रातून ते काढून आणणं गुन्हा आहे. हे योग्यच आहे. फक्त त्यामुळे इथली टाकी जवळजवळ निर्जीव खडकांपासून सुरू होते, आणि पाणी माशाजोगं करणारे जिवाणू त्यांच्यावर वसेपर्यंत थांबावं लागतं. बाटलीतले जिवाणू मिळतात, उपयोगीही असतात. पण मे महिन्याच्या उन्हातून पार्सलनं आलेल्या बाटलीत कितीसे जिवंत उरले असतील, याचा विचार करून पैसे द्यावेत.

या जिवाणूंना खाणं लागतं, आणि त्यांचं खाणं म्हणजे अमोनिया. माशाच्या श्वासातून आणि मलमूत्रातून येणारा, माशालाच मारणारा अमोनिया. पूर्वी लोक एखादा काटक मासा सोडून टाकी सायकल करत. त्या माशाचे कल्ले जळत. ही क्रूर पद्धत आता कुणीही वापरू नये, कारण सोपा मार्ग हाताशी आहे: अमोनियम क्लोराइड, आपला नवसागर. मात्र कल्हईवाल्याकडचा नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचा, शुद्ध. दोनशे लिटरला साधारण सव्वा ग्रॅम टाकला, की लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. जास्त टाकून काम लवकर होत नाही, उलट रखडतं.

या जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं अमोनियावर जगणं ही जिवाणूंचीच मक्तेदारी मानली जात होती. २००५ मध्ये मात्र अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल अ‍ॅक्वेरियमच्या खाऱ्या टाकीतून ‘नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस’ हा आर्किया गटातला, म्हणजे जिवाणूंसारखा दिसणारा पण त्यांच्याहून वेगळ्या कुळातला, सूक्ष्मजीव सापडला, आणि तोही हेच काम करतो असं दिसलं. एका मत्स्यालयाच्या टाकीनं समुद्रविज्ञानाला दिलेली ही देणगी मला फार मोलाची वाटते.

(दृश्य: टेस्ट किट. नळीतलं पाणी हळूहळू रंग बदलतं.)

पहिले काही दिवस अमोनिया जागचा हलत नाही. मग उतरू लागतो, आणि नायट्राइट झपाट्यानं चढतं. इथे धीर सुटतो. नायट्राइटचा आकडा पाहून पाणी बदलायचा मोह होतो. बदलू नये. टाकीत मासा नाही. शिवाय खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं, की गोड्या पाण्याइतकं नायट्राइट इथे घातक ठरत नाही. या काळात नायट्रेटच्या किटवरही भरवसा ठेवू नये. ते किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मगच मोजतं, त्यामुळे पाण्यात नायट्राइट असताना आकडा फुगलेला दिसतो.

लक्ष ठेवायचं ते अल्कलिनिटीवर, म्हणजे आम्ल पचवायच्या पाण्याच्या ताकदीवर. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आकडा हाच. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातलं बायकार्बोनेट खातं. दोन मिलिग्रॅमचा एक डोस पचला, की अल्कलिनिटी सुमारे दोन-तृतीयांश अंशानं खाली येते (अंश म्हणजे डीकेएच, अल्कलिनिटी मोजायचं माप). आठावर सुरू झालेली टाकी चार डोसांत सहाच्याही खाली जाते. मग पीएच घसरतो, जिवाणू मंदावतात, आणि ‘सायकल अडकली’ म्हणून लोक दुकानात नवी बाटली शोधतात. उपाय स्वयंपाकघरात आहे. दोनशे लिटरला साधारण सहा ग्रॅम खाण्याचा सोडा, आर.ओ. पाण्यात विरघळवून सावकाश सोडला, की अल्कलिनिटी एक अंश वर येते.

अल्कलिनिटी नीट असूनही पीएच कमी दिसत असेल, तर खोलीकडे बघा. उन्हाच्या झळा नकोत म्हणून आपण दारं-खिडक्या लावून बसतो. आत माणसं, त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, आणि तोच टाकीत विरघळतो. पीएच वाढवणारं औषध आणण्याआधी संध्याकाळी खिडकी उघडून बघावी.

(दृश्य: टाकीवर फिरणारा छोटा पंखा. पाण्याच्या पातळीची खूण.)

आणि मग आपला उन्हाळा. चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात टाकीचं पाणी सहज तिशी ओलांडतं. जिवाणूंना ऊब मानवते, पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. हिशेब करून पाहा: अमोनियाचा तो एक डोस पूर्ण पचायला लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. सत्तावीस अंशांच्या समुद्रपाण्यात एका वेळी मावतो साडेसहाच्या आसपास, आपल्या उंचीवर त्याहूनही थोडा कमी. म्हणजे पृष्ठभाग सतत ढवळत राहिला, हवा आत जात राहिली, तरच काम चालतं. म्हणून वीज जाईल तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

पाण्यावर पंखा लावला, तर आपल्या कोरड्या हवेत तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. पावसाळी दमट दिवसांत तितकं नाही. पण पंख्यानं पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि खारटपणा वाढतो. काचेवर खूण करून रोज भर घालायची. भर मात्र शुद्ध गोड्या पाण्याची, खाऱ्याची नव्हे.

खडकांवर तपकिरी थर चढला, तर घाबरू नये. ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ आहे, बहुधा आपोआप ओसरतं.

टाकी तयार झाली हे ओळखायची खूण एकच. दोन मिलिग्रॅम अमोनिया टाकला, आणि चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. लागोपाठ दोनदा असं झालं, की साठलेलं नायट्रेट काढायला निम्म्याहून अधिक पाणी बदलायचं. नवं पाणी त्याच तापमानाचं, त्याच खारटपणाचं.

मग क्लाउनफिशची एक लहान जोडी. हॅचरीत वाढवलेलीच मागावी. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेल्या माशाची गरज उरत नाही. पहिले दोन आठवडे खाणं अगदी बेताचं आणि अमोनियाची तपासणी रोज. आणि नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या या गावात, मिसळून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याचा एक ड्रम कायम भरलेला असू द्या. अमोनिया दिसला, तर पाणी त्याच तासाला बदलावं लागतं.