ओहोटीची रेघ

[दृश्य: पहाट. पूर्णगडची खाडी, वर उतारावर हापूसची कलमं.]

इथे मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. खाडीच्या वरच्या अंगाला काकांची बाग आहे. एका कलमाशेजारी लोखंडी खांब, खांबावर पांढरा डबा. तापमान आणि आर्द्रता मोजायची आणि दर दहा मिनिटांनी मोबाइल नेटवर्कवरून पाठवायची, एवढंच त्याचं काम. त्यातलं सॉफ्टवेअर माझं.

मोहोर फुटला की काकांचा जीव रात्रीच्या आर्द्रतेत अडकलेला असतो. रात्र थंड आणि हवा दमट असली की मोहोरावर भुरी धरते. फवारणी आज करायची की थांबायचं, ते त्यावर ठरतं. आणि दोन-तीन दिवसांआड हा डबा गप्प व्हायचा. सकाळी फोन यायचा, "तुझा डबा परत निजलाय गो." काका बागेत जाऊन बटण बंद-चालू करायचे, की डबा पुन्हा सुरू. पण न पाठवलेल्या नोंदी त्याच्या मेमरीतच असायच्या. त्या गेल्या त्या गेल्याच.

रोज पहाटे आपोआप रीस्टार्ट लाव, असं मला दोघातिघांनी सुचवलं. बरीच उपकरणं तशीच चालतात. मला ते पटलं नाही. ज्या रात्रीसाठी डबा लावलाय, तीच रात्र पुसली जाणार असेल तर तो कशाला लावायचा?

[दृश्य: उघडलेला डबा, आतली हिरवी पाटी, नखाएवढी चिप.]

ही ईएसपी ३२ चिप. रॅम ५२० किलोबाइट. फोनमधला एखादा फोटो याहून मोठा असतो. नेटवर्कचं सॉफ्टवेअर वगैरे जाऊन माझ्या हाती साधारण दीडशे उरायचे. सी भाषेत मेमरी मागून घ्यायची आणि काम झालं की आपणच परत करायची. विसरलात तर कुणी हटकत नाही. आपल्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम बंद केला की ऑपरेटिंग सिस्टीम त्याची मेमरी काढून घेते. बागेतला प्रोग्रॅम बंदच होत नाही.

[दृश्य: खाडीकाठ. ओल्या वाळूवर पाण्याची खूण.]

मेमरी अशी परत न होता साचत जाते, तिला गळती म्हणतात. ती ओळखायची तर भरती बघून भागत नाही. डबा सर्व्हरशी जोडणी करतो तेव्हा मेमरी भराभर वापरली जाते, काम संपलं की मोकळी होते. ते ठीकच आहे. बघायचं ते ओहोटीला पाणी कुठवर मागे जातं. ती रेघ दर वेळी थोडी वर राहिली, म्हणजे कुणीतरी घेतलेलं परत करत नाहीये.

पुण्यात माझ्या टेबलावर आठ दिवस ती रेघ जागची हलली नाही. बागेत मात्र रोज सरकत होती. कोड तोच, चिप तीच. मग बागेत असं काय होतं जे पुण्यात नव्हतं?

अर्धवट सिग्नल. डोंगराच्या आडोशाला कधी सर्व्हरचा पत्ता मिळतो, पण जोडणी होत नाही.

मग पुण्यातच बाग उभी केली. राउटरवर फक्त पत्ता शोधायची वाट मोकळी ठेवली, बाकी सगळं अडवलं. हीप ट्रेसिंग लावलं. कोडच्या कुठल्या ओळीने किती मेमरी मागितली आणि काय परत आलं नाही, याचा तो हिशेब देतो. जोडणीचे दहा प्रयत्न होऊ दिले. परत न आलेले तुकडे दहा, सगळे एकाच ओळीचे.

गेटॲड्रइन्फो नावाचं फंक्शन पत्त्यांची यादी देतं आणि ती फ्रीॲड्रइन्फोने परत करायची असते. मी करत होते, पण अगदी शेवटी. जोडणी फसली की माझा कोड मधूनच बाहेर पडायचा, शेवटापर्यंत पोचायचाच नाही. दर वेळी शंभरेक बाइट. जोडणी फसतच राहिली आणि मिनिटाला एक प्रयत्न धरला तर २४ तासांत १४४० वेळा, म्हणजे जवळजवळ सगळी मोकळी मेमरी. डबा त्याच्या आधीच गप्प व्हायचा, कारण सुरक्षित जोडणीला १६ किलोबाइटचा सलग तुकडा लागतो. मोकळी जागा दिसत होती, पण विखुरलेली. आधीचे कितीतरी दिवस मी नुसती बेरीज बघत बसले होते. सगळ्यात मोठा सलग तुकडा केवढा उरलाय, ते पाहिलंच नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची. काम फसलं तरी घेतलेलं परत करूनच बाहेर पडायचं.

[दृश्य: बाग, रात्र. काकांच्या हातात बॅटरी.]

ती ओळ घालून पूर्णगडला आले. रात्रभर सिग्नल येत-जात होता. सकाळी सहाला लॅपटॉप जोडला. मोकळी मेमरी काल संध्याकाळी होती तितकीच. बारा तासांच्या ७२ नोंदी, एकही गाळलेली नाही.

काकांनी फक्त पहाटे चारची आर्द्रता विचारली. मी आकडा सांगितला. ते पडवीत गेले आणि फवारणीचा पंप बाहेर काढला.