दाढा मिटतात, पुढचे दात मिटत नाहीत

[दृश्य : पावसाळी संध्याकाळ. शेगडीवर भाजले जाणारे मक्याचे कणीस.]

भाजलेले कणीस हाती आले की आपण ते सरळ पुढच्या दातांना लावतो. पडद्यावरची ही तरुणी तसे करत नाही. ती मान किंचित कलती करून कणीस ओठांच्या कोपऱ्याशी नेते आणि सुळ्यामागच्या उपदाढांनी दाणे काढते. ही तिची लहानपणापासूनची सवय आहे. तिच्या दाढा पूर्ण मिटलेल्या असतानाही वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमध्ये तीन मिलिमीटरची फट उरते, त्यामुळे कोथिंबिरीची काडी असो, शेवई असो किंवा भाकरीचा पापुद्रा, तिला समोरून काहीच तोडता येत नाही. नीट मिटणाऱ्या तोंडात वरचे पुढचे दात खालच्या दातांना साधारण दोन मिलिमीटर झाकतात. इथे झाकणे तर दूरच, स्पर्शही होत नाही. दंतवैद्यकात या दोषाला ओपन बाइट म्हणतात.

तिचे बोलणे जरा कान देऊन ऐकावे. आपल्या वर्णमालेत त, थ, द, ध, न, ल आणि स यांना दंत्य म्हटले आहे, आणि ‘चमचा’, ‘जहाज’ या शब्दांतले च आणि ज उच्चारतानाही जीभ दातांच्या अगदी जवळ येते. पुढे फट असली की जिभेचे टोक तिच्यात सरकते, हवा निसटते आणि ‘सासू’मधला स बोबडा होतो. शाळेत या बोबडेपणावरून चिडवले गेलेले मूल वर्गात हात वर करणे सोडून देते. हा प्रश्न केवळ दिसण्याचा आहे असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी.

[दृश्य : जुना पितळी अडकित्ता. बिजागरीजवळ सुपारीचे खांड.]

या दोषाची यंत्ररचना समजून घ्यायची असेल तर घरातला अडकित्ता पुरेसा आहे. बिजागरीजवळ सुपारीचे एवढेसे खांड असले तरी दुसऱ्या टोकाला दांडे चांगलेच फाकलेले राहतात. आपल्या खालच्या जबड्याची बिजागरी कानासमोरच्या सांध्यात असते, दाढा तिच्याजवळ असतात आणि पटाशीचे दात सर्वांत लांब. म्हणूनच दाढांची उंची एका मिलिमीटरने वाढली तर पुढे ढोबळमानाने दोन ते तीन मिलिमीटर फट पडते. हेच गणित उलटही चालते : दाढा एका मिलिमीटरने हिरडीकडे दाबता आल्या तर खालचा जबडा वर फिरतो आणि पुढची फट तितक्याच पटीने मिटते. पुढे येणारा प्रत्येक उपचार या एका गणितावर तपासून पाहायचा आहे.

फट पडण्याची कारणे मात्र एकसारखी नसतात. काहींमध्ये जबड्यांची ठेवण ठीक असते, पण अंगठा चोखण्याने किंवा जिभेच्या सवयीने पुढचे दात पूर्ण उगवलेलेच नसतात. काहींमध्ये मुळातच चेहऱ्याची वाढ लांबट झालेली असते, वरच्या जबड्याचा मागचा भाग खाली उतरलेला असतो आणि ओठ मिटण्यासाठी हनुवटीच्या स्नायूंना जोर लावावा लागतो. वाढलेल्या अ‍ॅडिनॉइडमुळे (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातल्या ग्रंथीमुळे) किंवा टॉन्सिल्समुळे मूल तोंडाने श्वास घेत असेल तर जीभ खाली राहते, आणि त्याचा परिणाम वाढत्या जबड्यावर होऊ शकतो. आणखी एक कारण दुर्मीळ असले तरी चुकवून चालणार नाही. आजवर नीट मिटणारे दात मोठेपणी हळूहळू उघडू लागले तर आधी जबड्याचा सांधा तपासावा, कारण संधिवातात किंवा सांध्याच्या हाडाची झीज होत असताना हे पहिले लक्षण असू शकते. सांधा झिजत असताना दात हलवणे म्हणजे खचत्या पायावर भिंत सरळ करण्यासारखे आहे.

जिभेबद्दल एक समजूत खोलवर रुजलेली आहे : गिळताना जीभ दातांवर ढकलली जाते, म्हणून फट पडते. अमेरिकेतील दंतरचनातज्ज्ञ विल्यम प्रॉफिट यांनी 1978 मध्ये या समजुतीचा हिशेब मांडला. माणूस दिवसभरात हजारेक वेळा गिळतो आणि प्रत्येक वेळी जिभेचा दाब सेकंदभर टिकतो, म्हणजे सगळा मिळून वेळ काही मिनिटांचाच होतो. दात हलतात ते हलक्या पण तासन्‌तास टिकणाऱ्या दाबाने. त्यामुळे खरा प्रश्न गिळण्याचा नसून, आपण काहीच करत नसताना जीभ कुठे विसावते, हा आहे.

लहान मुलांच्या बाबतीत थोडक्यात सांगता येईल. कायमचे पटाशीचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास येतात. त्याआधी अंगठा सुटला तर फट पुष्कळदा आपोआप मिटते. सुटला नाही तर टाळूच्या बाजूला तारेचे छोटे कुंपण बसवतात, जेणेकरून अंगठ्याला आणि जिभेला अटकाव होतो. मुलाला रागावून यातले काहीही साधत नाही.

[दृश्य : हातमोजा घातलेल्या बोटांत प्रकाशासमोर धरलेला पारदर्शक अ‍ॅलायनर.]

आता ज्याची चौकशी सर्वाधिक होते, त्या पारदर्शक अ‍ॅलायनरकडे वळू. 1997 मध्ये कॅलिफोर्नियात झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी सुरू केली आणि पुढच्या वर्षी तिच्या अ‍ॅलायनरला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. दातांच्या त्रिमितीय प्रतिमेवरून एकामागून एक प्लास्टिकचे साचे घडवायचे, प्रत्येक साच्याने दात पाव मिलिमीटरच्या आसपास सरकवायचा, एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा आणि दिवसातले वीस ते बावीस तास तो तोंडात ठेवायचा, अशी ही पद्धत आहे. सुरुवातीला हे साधन थोडी दाटी आणि थोड्या फटी यांपुरतेच समजले जाई. मग चिकित्सकांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली : उपचार संपल्यावर काही रुग्णांच्या दाढा एकमेकींना टेकेनाशा होत. वरच्या आणि खालच्या दाढांमध्ये प्लास्टिकचे दोन थर सतत चावले जात असल्याने दाढा किंचित आत दबल्या जात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले गेले. इतरांच्या तोंडात जो दोष, तोच ओपन बाइटच्या रुग्णाला उपकारक ठरेल, ही अपेक्षा तिथूनच जन्मली.

ही अपेक्षा अर्धी खरी ठरली. सिअ‍ॅटल परिसरातील रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांवर आधारलेला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ओपन बाइटच्या रुग्णांमध्ये पुढच्या दातांची उभी स्थिती मध्यमानाने दीड मिलिमीटरने सुधारलेली आढळली, पण ही सुधारणा मुख्यतः पुढचे दात हलल्यामुळे झाली होती, दाढा दबल्यामुळे नव्हे. पुढे झुकलेला पटाशीचा दात मागे उभा केला की त्याची कड आपोआप खाली येते, आणि अ‍ॅलायनरला हे काम चांगले जमते. त्यासाठी जागा लागत असेल तर दातांच्या बाजूंचे इनॅमल मिलिमीटरच्या काही दशांशांइतके घासतात. दात सरळ खाली ओढणे मात्र प्लास्टिकला अवघड जाते, कारण गुळगुळीत दातावरून साचा निसटतो. म्हणून दातावर त्याच्याच रंगाचे कॉम्पोझिटचे बारीक उंचवटे चिकटवतात. जिभेचे टोक फिरवले तर ते तांदळाच्या कणीसारखे लागतात.

संगणकाच्या पडद्यावर दाढा सहज आत जाताना दिसतात, प्रत्यक्षात त्या तितक्या जात नाहीत. म्हणून ज्यांचे पुढचे दात झुकलेले आहेत, फट लहान आहे आणि हसताना हिरडी फारशी दिसत नाही, त्यांना अ‍ॅलायनरने उत्तम लाभ होऊ शकतो, आणि तारांच्या तुलनेत दाढा बाहेर न येऊ देण्याचा गुणही त्याच्याकडे आहे. मोठी, हाडाच्या ठेवणीतून आलेली फट केवळ अ‍ॅलायनरने मिटेल असे आश्वासन कोणी देत असेल, तर रुग्णाने एकच प्रश्न विचारावा : माझे पुढचे दात खाली आणणार, की दाढा वर नेणार? ज्या उपचारात क्ष-किरण चित्र न काढताच, घरबसल्या घेतलेल्या मापावरून साचे येतात, तिथे हा प्रश्न विचारायला समोर कोणी नसते, आणि माझ्या मते ओपन बाइटसाठी तो मार्ग धरूच नये.

दातांना तारा लावण्याच्या पद्धतीत पुढच्या दातांना उभे रबर लावून फट मिटवतात. रबर रुग्णाने रोज स्वतः लावायचे असते, आणि ते लावले गेले नाही तर काम थांबते. काही रुग्णांत उपदाढा काढून त्या जागेत पुढचे दात मागे घेतात. परंतु अडकित्त्याच्या बिजागरीजवळची सुपारी यातल्या कशानेही फारशी हलत नाही.

ती हलवण्याचा मार्ग जपानमध्ये सापडला. सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठातील उमेमोरी, सुगावारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये जबड्याच्या हाडावर टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या बसवून त्यांच्या आधाराने दाढा आत ओढल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास सूक्ष्म स्क्रूही वापरात येत होते. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा हा स्क्रू जागा बधिर करून दातांच्या मुळांमधल्या किंवा टाळूच्या हाडात बसवतात, काम झाले की काढतात. आता तारा आणि अ‍ॅलायनर या दोहोंसोबत तो वापरता येतो, आणि पूर्वी शस्त्रक्रियेवाचून पर्याय नसलेल्या काही रुग्णांना त्यामुळे दुसरी वाट मिळाली आहे. काही वेळा स्क्रू सैल होतो आणि पुन्हा बसवावा लागतो, याची कल्पना रुग्णाला आधीच द्यायला हवी.

तरीही काही चेहऱ्यांना शस्त्रक्रियाच लागते. फ्रान्सचे शल्यवैद्य रेने ल फोर यांनी 1901 मध्ये वरच्या जबड्याची हाडे कोणत्या रेषांवर मोडतात हे नोंदवले, आणि आज त्यांतल्याच पहिल्या रेषेवर वरचा जबडा मोकळा करून त्याचा मागचा भाग वर बसवतात. जबड्यांची वाढ पूर्ण झाल्यावरच हे करतात, आणि त्याच्या आगेमागे तारांचा उपचार असतोच.

[दृश्य : तीच तरुणी दवाखान्यात. खुर्चीशेजारी डबीत ठेवलेला रिटेनर, म्हणजे उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारे साधन.]

फट मिटते. ती मिटलेली राहते का? 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात शस्त्रक्रियेनंतर सुमारे 82 टक्के आणि शस्त्रक्रियेविना सुमारे 75 टक्के रुग्णांमध्ये पुढचे दात वर्षभर किंवा त्याहून अधिक काळानंतरही एकमेकांवर आलेले आढळले. दोन्ही गटांतले रुग्ण मुळात वेगळे असल्याने या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. स्क्रूच्या आधाराने दाबलेल्या दाढांचा कोरियातील एक छोटा अभ्यास 2010 मध्ये आला. त्यात दाढा सरासरी 2.39 मिलिमीटर आत गेल्या आणि तीन वर्षांत त्यातल्या जवळपास एक चतुर्थांशाइतक्या परत बाहेर आल्या. हे परत येणे बहुतांशी पहिल्याच वर्षात घडले.

म्हणूनच डॉक्टरांनी तिला पहिल्या वर्षी वरचेवर बोलावले आहे. रात्री रिटेनर घालायचा आहे, आणि दिवसा जीभ कुठे ठेवायची हे तिला एका अक्षराने शिकवले आहे : ‘न’ म्हणताना जिभेचे टोक जिथे टेकते, तिथेच ते विसावू द्यायचे, ओठ मिटलेले आणि श्वास नाकाने. डॉक्टर कागदाची पातळ पट्टी तिच्या पटाशीच्या दातांमध्ये धरतात, दात मिटायला सांगतात आणि पट्टी हळूच ओढतात. पट्टी सुटत नाही. डॉक्टर वहीत तशी नोंद करून तीन महिन्यांनंतरची तारीख देतात.