किल्ल्यावरचे दोन चंद्र

माहितीपटाचं निवेदन

(दृश्य : रात्र. किल्ल्याचा खंदक. व्ह्यूफाइंडरच्या चौकटीत चंद्र, त्याला खेटून दुसरा फिकट चंद्र.)

बेळगावच्या किल्ल्यावर पौर्णिमेचा चंद्र आलाय. कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिलं, तर ते दोन आहेत. एक ठळक. दुसरा पिवळसर, फिकट, जरासा वर आणि जरासा डावीकडे. लेन्स आडव्या आठाच्या खुणेवर, म्हणजे अनंतावर लावलेली आहे. यंत्र ठीक असतं, तर दुसरा चंद्र दिसलाच नसता.

कॅमेरा झोर्की-4. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा. सेल नाही, वायर नाही, आत उजेड मोजणारं मीटरसुद्धा नाही. पितळ, पोलाद, काच, आणि शटरचे, रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे. आज रात्री त्याचं एकच काम करायचंय. दोन चंद्रांचा एक करायचा.

चंद्रच का? दोनशे मीटरवरचा विजेचा खांब आपल्या डोळ्याला अनंत वाटतो, रेंजफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या अंतर जुळवणाऱ्या यंत्रणेला, वाटत नाही. तिथे जुळवलं, तर खरं अनंत थोडं पुढे सरकून बसतं. चंद्र सुमारे 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. त्याच्याबाबत वादच नाही. शिवाय कड गोल आणि रेखीव, म्हणून केसाएवढा फरकही दिसतो. दिवसा काम असेल, तर येळ्ळूरच्या भातशेतीतून राजहंसगडाचा तट बघायचा. किलोमीटरभर तरी लांब हवा, आणि रेघ सरळ हवी.

(दृश्य : टेबल, दिव्याचा प्रकाश. लेन्स काढलेली बॉडी. पेचकसाचं टोक आतल्या पात्याला हळूच स्पर्श करतं.)

आत काय चालतं, ते इथे दिसतंय. पुढे दोन खिडक्या आहेत. मोठी खिडकी सरळ डोळ्याकडे जाते. छोट्या खिडकीतून आलेलं चित्र आडवं वळून मध्ये बसवलेल्या अर्धपारदर्शक काचेवर पडतं आणि पहिल्या चित्रावर चढतं. हा तो पिवळा ठिपका. लेन्स फिरवली, की तिच्या मागची पितळी नळी पुढेमागे होते. नळीवर टेकलेलं हे पातं हलतं, पात्यामुळे आतली काच वळते, आणि ठिपक्यातलं चित्र सरकतं. दोन्ही चित्रं एक झाली, की फोकस झाला. त्रिकोणाचं गणित, पण सोडवायला फक्त एक तरफ.

दोन खिडक्यांतलं अंतर हा त्या त्रिकोणाचा पाया. पाया रुंद, तेवढी चूक कमी. 1954 च्या जर्मन लायका एम-3 मध्ये हा पाया 68.5 मिलिमीटर आहे आणि खिडकीत चित्र जवळपास जिवंत आकाराचं, 0.91 पट दिसतं. म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून तो वापरता येतो. झोर्की-4 चा पाया त्याच्या निम्म्याच्या आसपास. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला तेवढा पुरतो. पण पुरतो म्हणजे नीट जुळवलेला असेल तर.

(दृश्य : जवळून. छोट्या खिडकीभोवतीची कडी. लाकडी काडीला लावलेला रबराचा तुकडा.)

आधी उभा फरक. या कडीत पाचरीसारखी, एका बाजूला किंचित पातळ काच आहे. कडी फिरवली, की दुसरा चंद्र वर-खाली होतो, पण सरळ रेषेत नाही, छोट्या वर्तुळात. म्हणजे उभं नीट करताना आडवं बिघडणारच. म्हणून हे काम पहिलं. आडवं आधी जुळवून बसणाऱ्याची रात्र वाया जाते. कडी पकडीने धरायची नाही. पकड घसरली, तर काच गेली. रबराचा तुकडा दाबून फिरवायचं.

आता आडवा फरक. पुढच्याच बाजूला, खिडक्यांजवळ, हा झाकणाचा छोटा स्क्रू. तो नुसता बुजगावणं आहे. तो काढला, की आत खरा स्क्रू दिसतो. घड्याळजीचा बारीक पेचकस घ्यायचा, टोक खाचेत भरून बसेल असा. खाच एकदा सोलली, की स्क्रू ड्रिल करून काढण्याखेरीज उपाय राहत नाही. अष्टमांश फेरा. बघायचं. पुन्हा अष्टमांश. लेन्स मागे नेऊन परत अनंतावर आणायची, कारण पात्याची स्प्रिंग प्रत्येक वेळी त्याच जागी येते का, हेही कळायला हवं. येत नसेल, तर आतलं जुनं ग्रीस गोंदासारखं झालंय. मग जुळवणी थांबवून आधी सफाई.

(थेट आवाज : "आता किती दिसतायत?" "एकच दिसतंय की, अण्णा.")

(दृश्य : व्ह्यूफाइंडर. चंद्र एक होतो. इथे चार सेकंद निवेदन नाही.)

बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते 1924 च्या डिसेंबरात. तिथून तीनच महिन्यांनी, 1925 च्या वसंतात, जर्मनीत लाइपझिगच्या जत्रेत लायका नावाचा एक छोटा कॅमेरा लोकांसमोर आला. वेट्झलारच्या ऑस्कर बार्नाकने सिनेमाची 35 मिलिमीटरची फिल्म आडवी चालवली आणि 24 बाय 36 मिलिमीटरची चौकट धरली. पहिल्या लायकात रेंजफाइंडर जोडलेला नव्हता. अंतर अंदाजाने लावायचं. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर आला 1932 मध्ये, लायका-2 मध्ये. त्याच साली ड्रेस्डेनच्या त्साइस इकॉनने धातूच्या पट्ट्यांचं शटर असलेला कॉन्टॅक्स काढला.

दोनच वर्षांनी खारकीवला, अनाथ मुलांच्या वसाहतीच्या कारखान्यात, लायकाची हुबेहूब सोव्हिएत आवृत्ती बनायला लागली. नाव फेड. झोर्की त्याच वंशातला, 1948 पासूनचा. नक्कल म्हणून त्यांना हिणवणारे आहेत. पण सामान्य माणसाच्या हातात रेंजफाइंडर गेला तो या कॅमेऱ्यांमुळे, आणि आजही साध्या पेचकसाने उघडून दुरुस्त होतात ते हेच.

(दृश्य : दोन बॉडी शेजारी शेजारी. सोनेरी मुलामा, कोरलेलं 'लायका'.)

हे सोनेरी प्रकरण बाजारात फार फिरतं. फेड किंवा झोर्कीवरचं नाव घासून लायकाचं कोरलेलं. ओळख सोपी आहे. लेन्स काढा, आतल्या पात्याचं टोक बघा. लायकात तिथे फिरणारं गोल चाक असतं. फेड-झोर्कीत पाचरीसारखं घट्ट टोक. कोरणारे नाव कोरतात, चाक कोणी बसवत नाही.

(दृश्य : सकाळ. फुटपट्टी तिरकी ठेवलेली. मीटरवर कॅमेरा.)

अनंत जुळलं म्हणजे काम निम्मं झालं. आता एक मीटर. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजायचं नाही, फिल्म जिथे असते तिथपासून मोजायचं. मागचं झाकण काढून, शटर बी वर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणाऱ्या खुणेवर, धरून, फिल्मच्या रुळांवर घासलेली काच ठेवली आहे. खरबरीत बाजू लेन्सकडे. भिंगातून काचेवरचं चित्र बघायचं आणि ठिपका काय म्हणतो ते बघायचं. दोघांचं पटलं पाहिजे. लेन्सचं छिद्र एफ 2 वर, म्हणजे बरंच उघडं असताना, पन्नासच्या लेन्सला, एक मीटरवर सगळं मिळून जेमतेम पाच सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. पापण्यांवर धरलेला फोकस कानावर गेला, तर तो रेंजफाइंडरचा दोष, हाताचा नव्हे.

इथे चुकत असेल, तर पाचरीसारख्या टोकाचा कोन किंचित बदलायचा. तो बदलला की अनंत हलतं. मग पुन्हा चंद्र किंवा राजहंसगड, पुन्हा मीटर. तीन-चार फेऱ्या धरूनच चालायचं. आणि एक. सोव्हिएत बॉडीवर बिनचूक चालणारी ज्युपिटर लेन्स लायकावर चढवली, तर आटे तेच, 39 मिलिमीटरचे, पण जवळच्या अंतरावर फोकस थोडा हुकतो. दोन्हीकडच्या जोडणीचा हिशेब थोड्या वेगळ्या केंद्रांतरावर बेतलेला आहे. लेन्सला दोष देऊन ती विकू नका.

(दृश्य : उद्यमबाग. लेथवर फिरणारा पितळी रॉड, सुटणारी कात्रणं.)

लेन्स बसते ती कडा आणि फिल्म यांतलं अंतर या आट्यांच्या कॅमेऱ्यांत 28.8 मिलिमीटर असतं. ते बिघडलं असेल, तर वरची कुठलीच जुळवणी टिकत नाही. कड्याखाली पातळ चकती घालून ते सुधारायचं. पाच शतांश मिलिमीटरचा पितळी पत्रा, कात्रीने नव्हे, नीट पंच करून. उद्यमबागेत पंप आणि व्हॉल्व्हचे भाग ज्या लेथवर निघतात, त्याच लेथवर लेन्सची कडी सोडवायचा दोन टोकांचा पाना होतो, टोकं दीड मिलिमीटरची, आणि आटा गेलेली कडीसुद्धा होते. बाहेरून मागवलेल्या पान्यापेक्षा हा पाना सरस आहे, कारण तो त्या एका कडीच्या मापाचा आहे. हे कसब जाणणारी माणसं थोडी उरलीत, आणि फिल्मचा रोल महाग झालाय.

(दृश्य : पाऊस. खानापूर रस्ता, जांबोटीकडचं रान, धुकं.)

जून ते सप्टेंबर. खानापूर, जांबोटी, कणकुंबी. या हवेत कॅमेऱ्याचा शत्रू पाण्याचा थेंब नाही, बंद कपाट आहे. चामडी केस ओल धरून ठेवते आणि बुरशीला खाऊ घालते. कॅमेरा केसमधून बाहेर काढा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये ठेवायचं. साठच्या वर बुरशी धरते. फार खाली नेलं, तर ग्रीस आणि पडद्याचं रबर सुकतं. निळे दाणे गुलाबी झाले, की गरम करून परत निळे करता येतात. पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. त्यासाठी वेगळं भांडं, स्वयंपाकाचं नाही.

(दृश्य : काचेत कोळिष्टकासारखी बुरशी, मागून टॉर्च.)

लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारला, की असं दिसतं. लवकर सापडली तर पुसली जाते. काचेच्या लेपात रुतली असेल, तर पुसल्यावरही नक्षी राहते. लेन्स पुसायची सवय असलेला हात मात्र रेंजफाइंडरच्या अर्धपारदर्शक काचेला लावू नका. तिचा पातळ थर कापसाने निघून येतो, आणि ठिपका कायमचा जातो. ठिपका नुसता फिकट झाला असेल, तर मोठ्या खिडकीच्या काचेवर, ठिपक्याच्या बरोबर समोर, काळ्या चिकटपट्टीचा लहान चौकोन लावा. मागचं चित्र तिथे झाकलं जातं आणि ठिपका उठून दिसतो.

(दृश्य : शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. दिवे, झांज, गर्दी. हातात कॅमेरा, डोळा खिडकीला.)

इथे फोकस जुळवायला वेळ नसतो. दिवसाउजेडी, 35 ची लेन्स, एफ 8, अंतर पाच मीटरवर ठेवलं, की अडीच मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट. रात्री चित्ररथाच्या दिव्यात मात्र एफ 2 आणि ठिपकाच. लायका एम-3 सारख्या कॅमेऱ्याच्या खिडकीत चौकटीची रेघ असते आणि रेघेबाहेरचंही दिसतं. कोण चौकटीत येणार, ते येण्याआधी कळतं. लेन्समधून बघायच्या कॅमेऱ्यांसारखा आत आरसा उडत नाही, म्हणून टिपल्या क्षणीही डोळ्यांपुढे अंधार होत नाही. या कॅमेऱ्यावर माणसं जीव लावतात, त्यातलं बरंच याच खिडकीत आहे.

लेन्समधून बघत नसल्यामुळे लेन्सची टोपी तशीच राहिली, तरी खिडकीत सगळं छान दिसतं. अख्खा रोल कोरा जातो. टोपी काढूनच कॅमेरा गळ्यात घालावा, तर दुसरा धोका. आरसा नाही, म्हणून दुपारचं ऊन लेन्समधून थेट कापडी पडद्यावर एकवटतं आणि भोक पाडतं. उन्हात चालताना कॅमेरा अंगाकडे वळवा, छिद्र बारीक ठेवा. भोक पडलंच, तर अंधाऱ्या खोलीत टॉर्चने शोधून काळ्या रबरी रंगाचा पातळ हात. जाड थर दिला, तर पडदा गुंडाळताना अडखळतो.

(दृश्य : बोटं. वेगाची चकती उचलून फिरवतात.)

आणि झोर्कीत क्रम मोडायचा नाही. आधी शटर चढवा, मग वेग बदला. न चढवता चकती फिरवली, तर आतली खीळ भलत्या जागी बसते आणि यंत्र अडकतं. अडकलं, तर जोर लावू नका, आणि तेलाचा फवारा तर मुळीच मारू नका. तेल पडद्यावर ओघळतं.

(दृश्य : टाकी, थर्मामीटर, बर्फाचे तुकडे टाकलेलं घमेलं.)

चाचणीचा रोल. चारशेची काळी-पांढरी फिल्म. पहिली चौकट राजहंसगड, दुसरी एक मीटरवरची तिरकी फुटपट्टी, दोन्ही छिद्र पूर्ण उघडं ठेवून, कारण बारीक छिद्र चूक झाकतं. एप्रिलात नळाचं पाणी तापलेलं येतं; डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, घमेल्यात ठेवून 20 अंशांवर आणलाय. पहिली तीस सेकंद सतत हलवायचं, मग दर मिनिटाला दहा सेकंद.

(दृश्य : दोरीवर लटकलेली ओली फिल्म. भिंगाखाली निगेटिव्ह.)

तटाची कड रेखीव आहे. फुटपट्टीवर ज्या आकड्यावर ठिपका धरला होता, तोच आकडा सर्वांत स्पष्ट. पुढचे आणि मागचे आकडे सारखे पुसट.

(दृश्य : जवळून. आतल्या स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब.)

आता स्क्रू पुन्हा हलू नये, म्हणून नेलपॉलिशचा एक थेंब. सुकायला दहा मिनिटं. मग झाकणाचा स्क्रू, हाताला लागेल तेवढाच घट्ट.