गोड्या पाण्याचा धंदा

मंडळी, माझा धंदा सांगितला की इकडे लोक हसतात. 'म्हणजे अमेरिकेत जाऊन होड्या धुतोस?' हो, धुतो. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये, लोकांच्या परसदारी जाऊन. १९२० च्या दशकात चार्ल्स रोड्स नावाच्या माणसाने तिथली खारफुटीची दलदल खणून कालवे काढले, निघालेल्या गाळाची बोटांसारखी लांबट बेटं केली, आणि त्यांवर घरं उभी राहिली. पुढच्या दारी मोटार, मागच्या दारी खाजगी धक्का आणि बोट. ती बोट धुण्या-दुरुस्तीच्या यार्डात नेऊन पाण्याबाहेर उचलून घ्यायची म्हणजे वेळही जातो आणि पैसाही. म्हणून यार्डच व्हॅनमध्ये भरून आम्ही घरी जातो.

भाव बोटीच्या लांबीवर, फुटाला इतके. पण भाव सांगण्याआधी मी एक विचारतो: फिरून आल्यावर बोटीवर गोडं पाणी मारता का? बहुतेक जण नजर चुकवतात. खारं पाणी सुकलं की मीठ मागे राहतं, ते हवेतला दमटपणा ओढत राहतं, आणि 'स्टेनलेस' म्हणवणाऱ्या कठड्यांवरही चहासारखे डाग पडतात. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात, आभाळ फुकट गोडं पाणी ओततं. तिकडे बोट बारा महिने उन्हात.

आता जेलकोटबद्दल. फायबरच्या बोटीचं हे वरचं कातडं, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. उन्हाने ते मरतं. बाजूवरून हात फिरवला तर खडूसारखी पूड तळव्याला लागते. गिऱ्हाईक म्हणतं, 'घासून आरसा करा.' अहो, घासणं म्हणजे मेलेला थर काढणं, आणि त्याबरोबर थोडा जिवंतही जातोच. कडेवर मशीन जरा रेंगाळलं की खालचं फायबर डोकावतं. मग पॉलिशचं काम संपलं, जेलकोट भरण्याचं सुरू झालं. म्हणून मी सगळ्यात मऊ कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, घेतो, मागच्या बाजूला तळहाताएवढी जागा घासून बघतो. तेवढ्याने भागलं तर खरखरीत कंपाउंडच्या डब्याचं झाकणही उघडत नाही. मग वर मेण. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना हे पटवताना नाकी नऊ येतात. त्यांना जोर दाखवायचा असतो.

नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, पाण्याच्या रेषेपाशी तपकिरी मिशी उमटते. पानांचा, खारफुटीचा रंग पाण्यात उतरलेला असतो, तो जेलकोटात मुरतो. घासून जात नाही. ऑक्झॅलिक आम्लाचा लेप लावायचा, काही मिनिटं थांबायचं, धुवायचं, मिशी गायब. अळू ज्याने खाजतं ते याच कुळातलं, तेव्हा हातमोजे हवेतच. आणि इग्वाना! हातभर लांबीचे हिरवे सरडे धक्क्यावर ऊन खात बसतात आणि बोटीचा संडास करतात. त्यावर उपाय एकच: लवकर धुणं. सकाळी साडेसहाला सुरुवात करतो, कारण उन्हात साबण बोटीच्या अंगावरच सुकतो.

माझी फजिती सांगतो. तिकडे बऱ्याच बोटी पाण्याबाहेर लिफ्टवर टांगलेल्या असतात. धुताना तळाचं बूच काढायचं, म्हणजे पाणी निथळून जातं. पहिल्याच वर्षी बूच काढलं, काम छान केलं, पैसे घेतले, घरी आलो. संध्याकाळी मालकाचा फोन: 'बोट खाली सोडली, पायाला पाणी लागतंय.' लिफ्टवरच होती म्हणून पुन्हा उचलता आली. तेव्हापासून बूच काढलं की ते बोटीच्या किल्लीला बांधतो. बूच हातात आल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही.

साबणाबद्दल एवढंच, की डब्यावर 'निसर्गात विरघळणारा' लिहिलं म्हणून तो माशांच्या कल्ल्यांना सोसतो असं नाही. मी बादलीत थोडा घेतो. नुसत्या पाण्याने निघतं तिथे तोही नाही.

हिवाळ्यात कालव्यात मॅनाटी येतात. आपल्या समुद्रगायीचे चुलत भाईबंद, पाचशे किलोच्या आसपासचे, शाकाहारी. त्यांना गोडं पाणी प्यायला फार आवडतं. पण पाइप धरून पाणी पाजणं तिथे गुन्हा आहे, १९७८ पासून त्यांच्या रक्षणाचा राज्याचा वेगळा कायदाच आहे. धक्क्यावर पाणी मिळतं हे कळलं की ते बोटींजवळ रेंगाळतात आणि पंख्याखाली येतात. बऱ्याच जणांच्या पाठीवर पंख्याचे समांतर वण दिसतात.

गेल्या जानेवारीत माझ्या पाइपाचं तोंड गळत होतं. खाली पाण्यातून दोन नाकपुड्या वर आल्या, मग केसाळ ओठ, अगदी थेंबाखाली. घरातली लहान मुलगी ओरडली, 'काका, थोडं द्या ना!' मी नळावर जाऊन तो बंद केला. ते जनावर तसंच तोंड वर करून थांबलं. मी उरलेली बाजू बादलीने धुतली, आणि प्रत्येक वेळी फडकं पिळताना बघत होतो, अजून तिथेच आहे का.